ज्वालाजीतसाठी विस्तव

हंसाबाईच्या घरात कापसाची खोली हाच तिच्या नातीचा स्टुडिओ होता. नवीन माणूस हे ऐकून हसायचा. पण भाव वाढायची वाट बघत आढ्यापर्यंत चढलेल्या कापसात बसून बोललं, की बाहेरचा ट्रॅक्टर ऐकू येत नाही, शेजारच्यांचं भांडण ऐकू येत नाही, आणि आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. नातीनं, म्हणजे वर्षानं, हे स्वतः शोधून काढलं होतं. अंगाला खाज सुटायची, ते वेगळं. दर मंगळवारी ती तोंडापर्यंत ओढणी गुंडाळून, मोबाईल गंजीत खोचून आत बसायची आणि जुन्या हिंदी कॉमिकांमधल्या वीरांबद्दल बोलायची. कोणाच्या तळहातातून वीज निघते, कोणाला पाण्याखाली श्वास घेता येतो, कोणत्या अंकात चित्रकार बदलला आणि वीराचं नाक एकदम लांब झालं. कार्यक्रमाचं नाव 'फाटकं पान'. दारव्ह्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणींपासून दुबईत वायरिंगची कामं करणाऱ्या माणसांपर्यंत लोक तो ऐकायचे. तांड्यातल्या बायांना दुबईपेक्षा कापसाचं नवल जास्त होतं.

त्या मंगळवारी खोलीतून आवाज आला नाही. हंसाबाईनं उन्हात बसून तुरी निवडता निवडता दोनदा दाराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा सूप बाजूला ठेवून उठलीच. वर्षा कापसात टेकून बसली होती. मोबाईल हातात, डोळे लाल. जेवलीस का म्हणून विचारलं तर मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे तिचं तिलाही माहीत नसावं.

हंसाबाई तांड्यात कोणालाही फाडून खाणारी बाई. तांड्याचा प्रमुख, नायक, तो सुद्धा तिच्यासमोर बोलताना आधी पागोटं सारखं करतो. पण ही नात तिची दुखरी जागा होती. तिनं दम दिला, मग गोंजारलं, मग पुन्हा दम दिला, तेव्हा कुठे पोरीच्या तोंडून सगळं बाहेर आलं.

झालं होतं असं. मागच्या मंगळवारी वर्षानं ज्वालाजीतच्या शेवटच्या कॉमिकची कथा सांगितली होती. ज्वालाजीत म्हणजे अंगात अग्नी असलेला वीर, लाल झगा, कपाळावर ज्वाळेची खूण. शेवटच्या अंकात हिमराज नावाचा दुष्ट थेट सूर्यच गोठवतो. ज्वालाजीत आपला सगळा अग्नी सूर्याला देऊन टाकतो आणि स्वतः पायापासून वर दगड होत जातो. मग, वर्षानं सांगितलं, शहरातला एकेक माणूस आपल्या चुलीतला विस्तव आणून त्याच्या पायाशी ठेवतो, दगड तापतो, आणि ज्वालाजीत डोळे उघडतो. लोकांना हा भाग फार आवडला. दुबईचा वायरमन रडलो म्हणाला.

आणि मग यवतमाळच्या नयननं तोंड उघडलं. नयनचाही असाच कार्यक्रम होता. त्याची कॉमिकं प्लास्टिकच्या पाकिटांत राहायची, आणि हात धुतल्याशिवाय तो कोणाला शिवू देत नसे. त्यानं शेवटच्या पानांचे फोटोच टाकले. ज्वालाजीत दगड होतो, चौकात त्याचा पुतळा राहतो, लोक हार घालतात, समाप्त. विस्तव नाही, चूल नाही, काही नाही. खाली त्यानं लिहिलं होतं की ज्यांनी अंक पाहिलासुद्धा नाही त्यांनी त्यावर कार्यक्रम करू नयेत. त्याचं एक वाक्य, पण त्याखाली लोकांची शेकडो. खोटारडी. तांड्यावरची पोरगी काय कॉमिक वाचणार. एकानं तर सगळेच जुने भाग तपासा म्हणून सुचवलं होतं.

येत्या रविवारी यवतमाळात, लोहाऱ्याकडच्या एका मंगल कार्यालयात, जुन्या कॉमिकवाल्यांचा मेळावा होता. तिथं स्टेजवर बोलायला वर्षाला बोलावलं होतं, आणि विषय ज्वालाजीतचा शेवट हाच होता. नाव छापलेलं होतं, काढलं नव्हतं. लोक मुद्दाम येणार होते, आता दुसऱ्याच कारणानं. वर्षानं ठरवलं होतं की जायचं नाही, सगळे भाग पुसून टाकायचे, आणि पुन्हा या खोलीत पाऊल ठेवायचं नाही.

"दादी," ती म्हणाली, "तुह्या पेटीतल्या अंकाची शेवटची पानं फाटली हायत. मले वाटलं तू वाचली असशील, मग फाटली असतील. तू ती कवा वाचली होती?"

"कवाच नाही. माह्याजवळ आला तवाच फाटका होता."

"मग विस्तव?"

"तो माह्या घरचा."

 लहानपणापासून अंगणात, शेकोटीपाशी, ताप आल्यावर उशाशी, ज्या गोष्टी ऐकून वर्षा कॉमिकांच्या नादी लागली, ज्यांच्यासाठी तिनं दारव्ह्यातली आणि यवतमाळातली रद्दीची दुकानं पालथी घातली, त्यातलं छापलेलं किती आणि दादीचं किती, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. कायले विचारेल? दादी खोटं बोलत नाही हे तांड्यातलं पोरगं पोरगं जाणतं.

"म्हणजे तू बनवलं," ती म्हणाली.

"बनवलं तं बनवलं. भाकर बी मीच बनवते. ती खोटी असते काय?"

*

हंसाबाई तिसरीपर्यंत शिकली होती, ती मराठीत. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि हिंदी ती शिकली ज्वालाजीतपासून. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात एक माणूस दोरीला चिमटे लावून कॉमिकं टांगायचा आणि किरायानं वाचायला द्यायचा. पोरं जमिनीवर उकिडवी बसून, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटायची. उलटून उलटून ज्याचा शेवट गळाला, ते कॉमिक पुन्हा कोणी किरायानं घेत नसे. ते तो फुकापासरी देऊन टाकायचा, आणि घेणारी एकटी हंसाबाई. तरणी होती, पदर खोचून ठाम उभी राहायची, घासाघीस करायची, आणि आठवड्याच्या मिरचीसोबत एक फाटका वीर घरी न्यायची.

वाचायची ती वावरात सांगण्यासाठी. त्या काळी घरची जमीन थोडी, म्हणून ती बाबुळगावपर्यंत लोकांच्या कपाशीत निंदायला जायची. बाया रांगेनं बसतात, प्रत्येकीनं एकेक तास, म्हणजे कपाशीची ओळ, धरायचा आणि खुरप्यानं गवत काढत सरकत जायचं, त्या रांगेला पात म्हणतात. पातीची पुढारी हंसाबाई. तोंड बंद ठेवून निंदणं तिला जमत नसे. तेव्हा एका तासाला कॉमिकची दोन-तीन पानं, असा तिचा हिशेब. वीर संकटात सापडला की नेमका धुरा, म्हणजे वावराचा बांध, यायचा. धुऱ्यावर सगळ्या बाया उठून कंबर सरळ करायच्या आणि म्हणायच्या, पुढं सांग.

पण पुढं सांगायला हंसाबाईची एक अट होती. पातीतली शेवटची बाई धुऱ्यावर आल्याशिवाय गोष्ट पुढं सरकणार नाही.

ही अट सत्यभामेमुळे आली होती. सत्यभामा नवी सून, माहेरी कधी खुरपं धरलेलं नाही, त्यामुळे ती कायम अर्ध्या वावरात मागं. बाकीच्या पुढं निघून जायच्या आणि मालकीण नेमकी मागं पडलेलीलाच बोलायची. हंसाबाईला मालकिणीचा आवाजच आवडत नसे. तिनं अट घातली, आणि पहिल्याच दिवशी असं झालं की धुऱ्यावर पोचलेल्या बाया गोष्टीच्या ओढीनं परत फिरल्या आणि सत्यभामेच्या तासाला समोरून लागल्या. नंतर तीच रीत झाली. मालकिणीला समजेना, या बाया एकदम इतक्या मायाळू कशा झाल्या.

ज्वालाजीतचा शेवटचा अंक सांगताना दिवस मावळतीकडे झुकला होता. ज्वालाजीत खांद्यापर्यंत दगड झाला आणि अंक संपला. कारण पुढं पानच नव्हतं. बाया धुऱ्यावर उभ्या. सत्यभामा म्हणाली, एवढ्या मोठ्या शहरात याले मदतीले कोणीच परत आलं नाही काय वं. आणि हंसाबाईच्या तोंडून निघून गेलं की आले ना, कसे नाही येणार. एक म्हातारी आली, पदराआड शेणीवर निखारा घेऊन. त्या वेळी काडेपेटी प्रत्येक घरात नसायची, शेजारच्या चुलीतून विस्तव आणायची चाल होती, आणि विस्तवाला नाही म्हणणारं घर कुणी पाहिलं नव्हतं. मग एकेक बाई बसल्या जागेवरून सांगू लागली, माह्या चुलीतला घे, माह्या बी चुलीतला घे. पातभर बायांचा विस्तव झाला. तेव्हा कुठे ज्वालाजीतनं डोळे उघडले.

त्यानंतर किती हंगाम गेले, ती गोष्ट तशीच सांगितली गेली. आईनं लेकीला, लेकीनं तिच्या लेकीला. त्या भागातल्या चार गावांत ज्वालाजीत जिवंतच होता.

*

 हे सगळं ऐकून वर्षा म्हणाली की तरी लोकांना तर मी कॉमिकचा शेवट म्हणूनच सांगितला ना. ती चूक माझीच.  पोरीचं बोलणं खरं होतं. शेवट दादीचा होता, पण शिव्या नातीला पडत होत्या.

"पुसू नको," हंसाबाई म्हणाली. "रविवारी जाऊ."

"तिथं सगळे हसायले बसले असतील."

"आपण बी कोठं रडायले जाऊन राह्यलो? मले त्या पोराले एक विचारायचं हाय."

वर्षानंही एक अट घातली, नात कोणाची. स्टेजवर आधी ती खरं सांगेल: छापलेला शेवट नयनचा, तिचा अंक फाटका होता, आणि तिनं न बघता सांगितलं. त्याआधी दादीनं एक शब्द बोलायचा नाही. हंसाबाईनं ते मान्य केलं. मनात म्हणाली, आजवर मला अट घालणारी ही पहिली.

रविवारी सकाळी हंसाबाईनं पेटीतून आरशांची चोळी, कांचळी, आणि घागरा काढला, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलिया, चढवल्या. सून हळूच म्हणाली की साडी नेसली असती तरी चाललं असतं. हंसाबाई म्हणाली की ज्वालाजीत लाल झगा घालून हिंडतो त्याला कोणी साडी नेस म्हणत नाही. बाबुळगावकडून सत्यभामा आली, आता तीही नातवंडांची आजी, गुडघे धरून चालणारी. तिच्यासोबत त्या वेळच्या पातीतल्या आणखी काही जणी. एका काळ्यापिवळ्या जीपमध्ये जितक्या बाया बसू शकतात त्यापेक्षा जास्त बसल्या, आणि ड्रायव्हरनं काही म्हणायच्या आत हंसाबाईनं त्याला त्याच्या आईची खुशाली विचारली. त्यानं गाडी सुरू केली.

मंगल कार्यालय भरलं होतं. भिंतीवर वीरांची चित्रं, टेबलांवर पाकिटांतली कॉमिकं, शर्टावर झगे बांधून फिरणारी तरणी पोरं. हंसाबाईनं एकाची गाठ सुटत होती ती जाता जाता करकचून बांधून दिली. म्हाताऱ्या बाया पहिल्या रांगेत बसल्या, जणू लग्न त्यांच्याच घरचं.

आधी नयन बोलला. पोरगा देखणा, शुद्ध बोलणारा, आणि वाचायचा छान. त्यानं ज्वालाजीतची शेवटची पानं पडद्यावर दाखवली आणि एकेक ओळ वाचली. शेवटच्या चित्रात रिकाम्या चौकात दगडाचा ज्वालाजीत, गळ्यात हार. हॉलमधले लोक पुढं झुकून बघत होते. हंसाबाईलाही वाईट वाटलं. चित्रकारानं डोळे फार चांगले काढले होते.

मग वर्षा. मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. न बघता सांगितलं, नयनचं खरं, माझी चूक. एकही शब्द तिनं गिळला नाही. मग म्हणाली की तो विस्तवाचा शेवट जिचा आहे ती बाई इथं आली आहे, तिला फक्त एक विचारायचं आहे. मागून एकजण म्हणाला की खोटंच ऐकायचं तर घरी टीव्ही आहे. लोक हसले. खुर्च्या सरकल्या, मागच्या दोन रांगा चहाकडे निघाल्या.

हंसाबाई स्टेजवर चढली. माईक तिनं घेतला नाही. वावरातला आवाज होता तो, त्याला यंत्र कायले लागतं.

"बापू," ती नयनला म्हणाली, "तू वाचलं ते शंभर टक्के बरोबर. छापलेलं तुह्यंच. मले एवढं सांग, त्या पुतळ्याचं पुढं काय झालं?"

नयन अदबीनं म्हणाला की पुढं काही नाही, आजी. तो शेवटचाच अंक. त्यानंतर कंपनी बंद पडली.

"म्हणजे त्याले हिमराजानं नाही मारलं. कंपनीनं मारलं."

हॉल हसला, पण हे हसू वेगळं होतं. नयनही हसला. चहाकडे निघालेले दारात थांबले.

मग हंसाबाईनं घागरा सावरला आणि स्टेजच्या एका टोकाला उकिडवी बसली, हातात खुरपं असल्यासारखी. आणि सांगत सांगत सरकू लागली. सूर्य कसा गोठला, गाईच्या कासेत दूध कसं गोठलं, लेकराच्या डोळ्यातलं पाणी गालावर कसं काचेसारखं थांबलं. यातलं अर्धं छापलेलं होतं, अर्धं नव्हतं, आणि कुठलं कोणतं हे नयनखेरीज कोणाला कळत नव्हतं, आणि तोही आता पडद्याकडे बघत नव्हता. ज्वालाजीतचे पाय दगड झाले, मांड्या झाल्या, छाती झाली. खांद्यापर्यंत आला आणि ती स्टेजच्या दुसऱ्या टोकाला पोचली. तिथं उठली, कंबरेवर हात ठेवले आणि थांबली.

लोक थांबले. ती बोलेना.

"आजी, पुढं?" झगेवाल्यांपैकी एक म्हणाला.

"मागची पात आली नाही अजून," हंसाबाई म्हणाली. "शेवटचा माणूस धुऱ्यावर आल्याबिगर माह्यी गोष्ट पुढं जात नसते. इचारा हिला."

सत्यभामेनं पहिल्या रांगेतून मान हलवली, की हो, मीच ती शेवटची.

झालं. पुढचे मागं वळून दाराशी उभ्या असलेल्यांना हाका मारू लागले. या ना, बसा ना. दोघं जण तर चहाच्या टेबलापर्यंत जाऊन लोकांना हाताला धरून घेऊन आले. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा पोरं खालीच बसली, अगदी बाजारात किरायानं कॉमिक वाचायला बसायची तशी, उकिडवी. शिट्टी वाजवणारा सर्वांत शेवटी आला आणि त्याला सगळ्यांत पुढं जागा मिळाली.

तेव्हा हंसाबाईनं तोंड उघडलं. एक म्हातारी निघाली, पदराआड निखारा. वारा असा की डोळे उघडेनात. लोक खिडकीतून म्हणाले, अगं दगड झाला तो, घरी जा. म्हातारी म्हणाली, दगड तर चुलीचा बी असते, तो तापते ना. निखारा ठेवला. दगडाच्या अंगठ्याजवळ एवढंसं ऊन पडलं. एका निखाऱ्यानं काय होणार.

इथं ती पुन्हा थांबली, आणि हॉलकडे नुसतं पाहिलं.

"माह्या चुलीतला घे," सत्यभामा म्हणाली. गुडघे धरून उभी राहून म्हणाली.

"माह्या बी," दुसरी म्हणाली, आणि मग साऱ्या म्हाताऱ्या, एकीमागून एक, त्या वेळच्या वावरातल्या क्रमानं.  मग जमिनीवर बसलेला एक झगेवाला लाजत म्हणाला की आमच्या घरी गॅस आहे, पण घ्या. लोक हसले आणि त्या हसण्यातच सुरू झालं. माझ्या घरचा. माह्या खोलीतल्या शेगडीचा. दुबईच्या भावाकडून बी घ्या, तो ऐकून राह्यला, असं कोणीतरी मोबाईल उंच धरून म्हणालं. आवाज मागून पुढं आला, पुढून मागं गेला. वर्षा स्टेजच्या कडेला उभी होती आणि तिच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं होतं. शेवटी एकच उरला. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

नयन उठून उभा राहिला. "माझ्याकडून पण घ्या, आजी," तो म्हणाला.

"घेतला," हंसाबाई म्हणाली. "आता उठला तो."

टाळ्या किती वेळ वाजल्या ते विचारू नका. ती खाली उतरली तेव्हा पोरं पाया पडू लागली. तिनं चौघांना पडू दिलं आणि पाचव्याला हटकलं की पाया नंतर पड, आधी त्या सत्यभामेला खुर्ची दे. मंचावरचा एक माणूस वर्षाकडे माईक घेऊन गेला आणि म्हणाला की तुमचा कार्यक्रम आत्ता इथूनच करा, आम्ही बसलो आहोत. वर्षानं केला. सुरुवातीलाच सांगितलं की यात छापलेलं काय आणि दादीचं काय हे यापुढे ती प्रत्येक वेळी सांगेल. लोकांनी यालाही टाळ्या दिल्या. शिट्टीवाल्यानं पुन्हा शिट्टी वाजवली, आता कौतुकाची.

जीपजवळ नयन धावत आला. हातात ज्वालाजीतचा तो अंक, पाकिटातून काढलेला. हंसाबाईनं शेवटचं पान उघडून दगडाच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला. हात धुतले नव्हते. नयननं ते पाहिलं आणि काही बोलला नाही. मग म्हणाला, आजी, आणखी कोणत्या कॉमिकचे शेवट तुमचे आहेत?

हंसाबाईनं आठवून पाहिलं. बाजारात तिला मिळालेलं एकही कॉमिक पुरं नव्हतं.

"दादी," वर्षाचा आवाज एकदम बारीक झाला, "तो पाण्याखालचा वीर, ज्यानं जलपरीसोबत लग्न लावलं, तीनशे पंगती उठल्या?"

"मग काय, त्याले तसंच कुवारं ठेवू?"

वर्षानं कपाळावर हात मारला. पण हसत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. सत्यभामेनं जीपमध्ये बसल्या बसल्याच भाकरीचं फडकं सोडलं.

नयन म्हणाला की माझ्याकडे सगळे अंक आहेत, पूर्ण, एक पान कमी नाही. वर्षाला वाचायला देतो, आणि तुम्हालाही.

हंसाबाई जीपमध्ये चढली, बलिया सारख्या केल्या आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हिले पुरी दे," ती म्हणाली. "मले फाटकी असतील ती दे."